बाळाचे पहिले वस्त्र

अल थुमामातील त्या वसाहतीत ऊन भिंतींवरून उतरले की दोन वृद्धा लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर येऊन बसत. एक उल्काताई. नाशिकच्या शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि यजमान गेल्यानंतरचा पहिला हिवाळा मुलाकडे, श्रेयसकडे, काढावा म्हणून दोहाला आल्या होत्या. दुसरी एल्विरा. शेजारच्या घरातील मारिसोलची ही आई मेक्सिकोतील पुएब्ला नगराहून लेकीकडे आली होती. एकीला मराठी, संस्कृत आणि कामापुरते इंग्रजी येई, दुसरीला केवळ स्पॅनिश. तरीही दोघी तासभर बसत, आणि उठताना दोघींच्या मुखावर पुष्कळ बोलणे झाल्याचे समाधान असे.

उल्काताईंचा स्वभाव मूळचा जिज्ञासू. एखादा शब्द भेटला की त्याचा धातू शोधावा, त्याप्रमाणे एखादा आचार दिसला की त्याच्या मुळाशी जावे, असे त्यांना वाटे. एल्विराच्या ठिकाणी त्यांना असे आचार विपुल सापडले. वसाहतीच्या कुंपणाशी दुपारी कामकरी पुरुष डबे सोडून जेवत बसत. एल्विरा त्यांच्यावरून जाताना क्षणभर थांबून एक शब्द उच्चारी आणि मगच पुढे जाई. ते तिच्या ओळखीचे नव्हते. सुनेने, नूपुरने, मारिसोलकडे चौकशी केली तेव्हा कळले की जेवणाऱ्या कोणाच्याही, अगदी अनोळखी माणसाच्याही, अन्नाला शुभ चिंतल्यावाचून पुढे जाऊ नये अशी त्यांची रीत आहे. उल्काताईंना पंगतीतील "सावकाश होऊ द्या" आठवले. पंगतीत यजमान हे आपल्या पाहुण्यांना म्हणतो. येथे वाटेने जाणारी स्त्री परक्यांना म्हणत होती. हा भेद त्यांनी मनात नीट ठेवून दिला.

जानेवारीच्या प्रारंभी मारिसोलचा निरोप आला की आईची इच्छा आहे, सहा तारखेला सायंकाळी तुमच्या घरी आपण सर्वांनी मिळून रोस्का कापावा. रोस्का म्हणजे त्यांच्या सणाचा कंकणाकृती गोड पाव. निरोप वाचून उल्काताईंनी दिवाणखाना आवरला, खुर्च्या मांडल्या, उपमा करून झाकून ठेवला. ठरलेली वेळ टळून गेली तरी कोणी येईना. शेवटी मारिसोलचा नवरा रोहेलियो दारात उभा राहिला आणि सगळे वाट पाहत आहेत, येताय ना, असे विचारू लागला. तेव्हा उलगडा झाला. त्या देशात पाहुण्याशी बोलताना स्वतःच्याच घराला "तुमचे घर" म्हणण्याचा शिष्टाचार आहे. श्रेयस हसत सुटला. उल्काताई मात्र उपम्याचे पातेले उचलून निघाल्या आणि वाटेत म्हणाल्या, "हसू नकोस. बोलावणं असं असावं."

एल्विराने तो पाव अंड्यावाचून केला होता. मारिसोल सांगत होती की आईने जन्मात प्रथमच तसा केला, दोनदा बिघडला, दोनदा फेकला. शेजारीण अंडे खात नाही म्हणून तिसऱ्यांदा पीठ मळले. मोठ्या परातीएवढे ते कंकण मेजाच्या मध्यभागी होते, वर साखरेत मुरवलेल्या फळांचे रंगीत तुकडे. प्रत्येकाने आपला वाटा आपणच कापायचा असा नियम होता. सुरी हातोहात फिरू लागली, आणि मारिसोल उल्काताईंना इंग्रजीतून त्याची कथा सांगू लागली. बालक येशूचा जन्म झाला तेव्हा एका दुष्ट राजाने त्याला मारण्यासाठी माणसे धाडली; म्हणून त्याला लपवावे लागले; त्याची आठवण म्हणून या पावाच्या पोटात एक इवलेसे बाळ लपवलेले असते. एवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती आत गेली. कथेचा उरलेला भाग तिच्यासोबत आत गेला.

उल्काताईंच्या डोळ्यांपुढे मथुरेची बंदिशाळा उभी राहिली, आणि टोपलीतून यमुनापार गेलेले दुसरे एक बाळ. दोन समुद्रांपलीकडच्या या लोकांनीही तेच दुःख पावात घालून जपले आहे, या विचारात त्या होत्या, आणि सुरी त्यांच्या हाती आली. कापताना पात्याला काही कठीण लागले. पावाच्या पांढऱ्या गाभ्यात पेराएवढे एक शुभ्र बालक निजले होते.

सगळे आपापल्या बशीत गुंतले होते. देवाच्या मूर्तीला आपण लोखंड लावले, हा पहिला विचार. आणि राजाची माणसे मागावर असलेले बाळ आपल्या हाती आले आहे, हा दुसरा. लपवलेले बाळ सापडले तर ते ओरडून सांगायचे नसते, हे ज्या देशात पोरासोरांनाही कळते त्या देशातून त्या आल्या होत्या. त्यांनी पदराचा शेव पुढे घेतला, बाळ अलगद त्यात घेतले आणि चेहऱ्यावर काही न दिसू देता आपला वाटा खाऊन संपवला. घरी आल्यावर त्याला दुधापाण्याने स्नान घातले, गंध लावले आणि देवघरात बाळकृष्णाच्या मागे, सहज दृष्टीस पडणार नाही अशा जागी, कापसावर निजवले.

त्यानंतर एल्विरा बाकावर येईनाशी झाली.

पहिल्या दिवशी उल्काताईंना वाटले, थंडी बाधली असेल. पुढे संक्रांत आली. त्या तिळगूळ घेऊन शेजारी गेल्या. एल्विराने दोन्ही हातांनी वाटी घेतली, गालाला गाल लावला, कॉफी दिली, पण तिचे डोळे त्या भेटीत नव्हते. आपल्याकडून काय घडले, उपमा नेला म्हणून का, आधी निघून आलो म्हणून का, असे नाना तर्क उल्काताई करीत राहिल्या. एखाद्या अनोळखी घरात आपण कशावर पाय दिला हे न कळणे, यासारखी अस्वस्थता नाही.

उलगडा एका रात्री जेवताना झाला. नूपुर आणि मारिसोल लुसैलच्या एकाच कार्यालयात काम करीत. तेथील वार्ता नूपुर पानावर बसल्या बसल्या सांगे.

"रोहेलियोची दैना झालीये हो, आई," ती म्हणाली. "त्या पावातलं बाळ निघालंच नाही कोणाला. दरवर्षी तो गालात लपवतो, म्हणून सगळा संशय त्याच्यावर. सासू धड बोलत नाही. तो म्हणतो, एक्स-रे काढून दाखवतो."

श्रेयसला ठसका लागला. उल्काताईंनी हातातील पळी खाली ठेवली.

"त्यानं नाही गिळलं," त्या म्हणाल्या. "ते बाळ आपल्या देवघरात आहे."

मग श्रेयस म्हणाला, "आई, तू चोरलंस?"

"लपवलं. राजा मागावर आहे, असं त्यांनीच सांगितलं होतं मला."

मग नूपुरने त्या दिवशी फोनमुळे राहून गेलेला कथाभाग सांगितला, आणि तो ऐकताना उल्काताईंचे जेवण तसेच राहिले. ज्याच्या वाट्यात बाळ निघते त्याच्यावर दोन कर्तव्ये येतात. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, कांदेलारियाच्या सणाला, त्याने सर्वांना तामाले खाऊ घालायचे. मक्याचे पीठ पानात गुंडाळून उकडलेला हा पदार्थ. हे कर्तव्य टाळण्यासाठी लोक बाळ गालात लपवतात आणि त्यावरून वर्षभर थट्टा चालते. दुसरे कर्तव्य थट्टेचे नव्हे. घरातील बालक येशूची जी खरी मूर्ती असते, तिला नवा वेष करून त्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादासाठी न्यायचे, आणि तीन वर्षे तिचे पालक व्हायचे. पालक पुरुषाला पाद्रिनो म्हणतात, स्त्रीला माद्रिना. मूर्तीच्या मालकिणीचे आणि त्यांचे जे नाते जुळते ते जन्माचे, सख्ख्या सोयऱ्यांसारखे.

एल्विराची मूर्ती लाकडाची, तिच्या आजीची. पुएब्लात तिच्या गल्लीतील एका दांपत्याने आपली तीन वर्षे पूर्ण केली होती. यंदा नवे पालक मिळायचे होते. मागे घरी कोणी उरले नाही म्हणून तिने ते बाळ विमानात मांडीवर घेऊन येथवर आणले होते, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती परत जाणार होती. ती लेकीला म्हणाली होती, मी त्याला परक्या देशात आणलं आणि त्याला उचलून घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

"सॉरी म्हणून टाक आई," श्रेयस म्हणाला. "ते तामाले की काय, वेस्ट बेच्या एखाद्या हॉटेलातून मागवू. खलास."

"तामाल्यांचं होईल रे. बाळाचं काय?"

त्या रात्री त्यांनी पुष्कळ विचार केला. आपल्या देवाहून अन्य देवतेचे पालकत्व घ्यावे का, हा प्रश्न त्यांना फार वेळ अडवू शकला नाही. न मागता, न योजता जे पदरात येते ते परत टाकू नये, अशी त्यांची धारणा होती, आणि हे तर अक्षरशः पदरातच आले होते. अडले ते दुसऱ्या ठिकाणी. नाना, त्यांचे यजमान, गतवर्षी गेले होते. त्यानंतर नाशिकच्या नात्यागोत्यातील बारशांना, डोहाळजेवणांना बोलावणे येई. पाळण्याची दोरी मात्र त्यांच्या हाती कोणी देत नसे. कोणी तोंडाने काही बोलत नसे. त्याही पाळण्यापासून दूरच्या खुर्चीवर बसत.

दुसऱ्या दिवशी चांदीच्या वाटीत ते इवले बाळ ठेवून, वर तुळशीचे पान घालून, त्या नूपुरसह शेजारी गेल्या. एल्विराने वाटीत पाहिले. गंधाचा सुकलेला ठिपका पाहिला, खालचा कापूस पाहिला. उल्काताई मराठीत सांगत होत्या, नूपुर ते इंग्रजीत करी, मारिसोल स्पॅनिशमध्ये. आणि अर्थ पोहोचायला प्रत्येक वेळी जो विलंब लागे तेवढा वेळ दोघी वृद्धा एकमेकींकडे पाहत राहत. राजाच्या माणसांचा उल्लेख शेवटच्या भाषेत उतरला तेव्हा एल्विरा हसू लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. आतून रोहेलियोला हाक मारून तिने सगळ्यांदेखत त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले. तो म्हणाला, आता माझी बदनामी झालेले दिवस कोण परत देणार?

मग उल्काताईंनी जे विचारायचे होते ते विचारले.

"मी विधवा आहे. आमच्याकडे अशा कार्याला सवाष्ण लागते. तुमच्याकडे चालेल का?"

हे भाषांतर करताना नूपुर अडखळली. मारिसोलने सांगितले की बहुधा दांपत्यच घेतात, पण एकटे माणूस असले तरी अडत नाही. एल्विराने मात्र लेकीचे बोलणे हाताने थांबवले.

"मीही विधवाच," ती म्हणाली. "मग त्याला आंघोळ कोणी घालायची?"

आणि ती आतून ते बाळ घेऊन आली. वीतभर उंचीचे, गव्हाळ रंगाचे, एका पायाचा अंगठा झिजलेला, डोळे उघडे. उल्काताईंनी पदर पसरला. एल्विराने त्याला त्यात ठेवले.

सणापर्यंत बाळ त्यांच्याकडे राहणार होते. पहिल्या वर्षी वेष पांढरा असतो, एवढे मारिसोलने सांगून ठेवले. नवा हवा, असे तिने सांगितले नाही. तिच्या देशात ते सांगावे लागत नाही. जुन्याचे शिवणार आहे, असे उल्काताईंनीही सांगितले नाही. कारण त्यांच्या देशात तेही सांगावे लागत नाही. तान्ह्याचे पहिले झबले घरातील वडीलधाऱ्यांच्या वापरलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या वस्त्राचे असते. नवे कापड कोवळ्या अंगाला बोचते, आणि जुन्यात थोरांचे आयुष्य असते.

येताना त्यांनी देवांची पेटी ज्यात गुंडाळून आणली होती, ते नानांचे पूजेचे धोतर होते. त्यांनी ते उलगडले, मधला विरलेला भाग सोडला आणि काठाकडील पट्टा बेतला. नूपुर जवळच होती. गेलेल्या माणसाचे वस्त्र लहान मुलाला चालते का, असे तिने चाचरत विचारले.

उल्काताई सुई ओवीत म्हणाल्या, "हे त्यांनी नेसलं ते जिवंतपणी. देवासमोर बसायला. आजारपणातलं नाही घेतलं मी."

त्यांनी बंदांचे झबले शिवले, आणि कुंची शिवली, जिच्या कडेला धोतराचा फिकट तांबडा काठ आला. दोन तारखेच्या सकाळी पातोळ्या केल्या. त्यांचे माहेर चिपळूणचे. तेथे हळदीच्या पानात करतात. येथे मल्याळी दुकानात केळीची पाने मिळाली. तांदळाची उकड पानावर थापायची, ओल्या खोबऱ्या-गुळाचे सारण भरायचे, पान मिटून वाफवायचे. रोहेलियो चव घेण्याच्या निमित्ताने आधीच येऊन गेला. त्याने प्रत्येक घास फार सावधपणे चावला, आणि त्यांच्या दक्षिणेकडेही तामाले केळीच्याच पानात बांधतात, असे सांगून आणखी एक उचलली.

दुपारी उल्काताई बाळ घेऊन शेजारी गेल्या. एल्विराने दुलई बाजूला केली. तिची बोटे झबल्यावरून फिरली, आणि थांबली. कापड किती वेळा धुतलेले आहे हे हाताला कळते. तिने काठाचा विटलेला रंग पाहिला. ती उठली, कपाटाशी गेली आणि कागदात गुंडाळलेला एक वेष घेऊन आली. शुभ्र साटीन, सोनेरी जरीची किनार, तेवढ्याच मापाचा मुकुट. कोणी पुढे आले नाही तर असावा म्हणून तिने त्या रित्या दिवसांत शिवून घेतला होता.

दोन्ही वस्त्रे शेजारी शेजारी होती. मारिसोल अवघडून म्हणाली की चर्चमध्ये सगळ्यांची बाळे नव्या वेषात असतात. वर्षाचा मोठा दिवस असतो. उल्काताईंना सारे एका दृष्टीत कळले. लग्नघरी फाटके नेसून गेल्यासारखे त्यांना झाले. त्यांनी स्वतःच साटीन उचलून एल्विरापुढे धरले.

"हे घाला," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक नव्हतं. बाळाची शोभा जायला नको."

एल्विराने ते घेतले नाही. तिने विचारले, हे कापड कोणाचे?

उल्काताईंनी सांगितले. तान्ह्याला जुने का लागते ते सांगितले; नानांविषयी सांगितले; रोज पहाटे स्नान करून हे नेसून ते पूजेला बसत आणि पूजा होईपर्यंत कोणाशी बोलत नसत, हेही सांगितले. वाक्य दोन भाषांतून पार होईपर्यंत त्या खाली पाहत राहिल्या. एल्विराने झबल्याचा काठ नाकाशी नेला. पेटीतील कापराचा वास त्याला अजून येत होता. मग तिने साटीनची घडी केली, कागदात गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. मारिसोलने काही विचारू पाहिले, तर तिने फक्त मान हलवली.

शहराच्या दक्षिणेला सगळी चर्चे एकाच आवारात आहेत. संध्याकाळी तेथे केरळचे, गोव्याचे, फिलिपिन्सचे लोक आले होते, आणि एका बाजूला मेक्सिकोची दहाबारा कुटुंबे. त्यांच्या हातांतील टोपल्यांत बाळे होती. कोणी रेशमात, कोणी मखमलीत, सगळ्यांच्या डोक्यांवर मुकुट. उल्काताईंच्या हातातील बाळ तेवढे झबल्यात आणि कुंचीत होते. त्यांनी ते छातीशी घट्ट धरले होते. लोकांची दृष्टी चुकवावी म्हणून धरले की पडू नये म्हणून, हे त्यांनाच सांगता आले नसते.

प्रार्थना संपून पवित्र पाणी शिंपडण्याची वेळ आली. रांगेतील एक ठेंगणी, नीटनेटकी बाई त्यांच्याकडे वळली. तिने बाळ पाहिले, साडी पाहिली, आणि एल्विराला काही विचारले. स्वर विचारपूस करण्याचाच होता, पण भुवई किंचित वर गेली होती. एल्विराने उत्तर दिले. उत्तर लांब नव्हते. त्या बाईने उल्काताईंपुढे वाकून बाळाच्या झबल्याच्या काठाला दोन बोटे लावली आणि ती आपल्या ओठांना लावली.

"काय विचारलं तिनं?" उल्काताईंनी हळू आवाजात सुनेला विचारले.

नूपुर मारिसोलकडे झुकली. मारिसोल तिच्या कानाशी बोलली. नूपुरला मराठीत शब्द जुळवायला वेळ लागला.

"तिनं विचारलं, पालक एकटीच का, पाद्रिनो कुठे आहेत? तर या म्हणाल्या, दांपत्यच आहे. ते पुढे गेलेत. कापड त्यांनी दिलंय."

रांग सरकली. पुरोहित जवळ येत होते, आणि त्यांच्या हातातून उडणारे थेंब पुढच्या टोपल्यांवर पडताना दिसत होते. गर्दीत बाळाची कुंची मागे घसरली होती. उल्काताईंनी ती कपाळापर्यंत पुढे ओढली, काठ सारखा केला, आणि एल्विराच्या खांद्याला खांदा लावून त्या पुढे झाल्या.